देवीच्या ताटातलं, पाहुण्याच्या ताटात

(कोल्हापुरातल्या एका महिला मंडळात, मार्गशीर्षातल्या संध्याकाळी झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप.)

नमस्कार. पुढं या सगळ्या, मागं दाराशी वारं लागतंय. आणि कुणाला शाल डोक्यावरून घ्यायची असेल तर खुशाल घ्या, मीही घेणार आहे.

मंडळानं मला विषय दिला ‘थंडीतला पौष्टिक पाहुणचार’. मी आहारतज्ज्ञ. त्यामुळं तुम्हाला वाटत असेल, आता ही बाई काय काय खायचं नाही ते सांगणार. तसं करायला मी एकदा गेले होते. तो किस्सा आधी सांगून टाकते, म्हणजे माझी पत काय आहे ते कळेल.

क्लिनिक सुरू करून दोनेक वर्षं झाली होती. नाताळच्या सुटीत पुण्याहून दीर-जाऊ आणि त्यांचे मित्र असे अकरा जण आले. म्हटलं, आता दाखवूच यांना. ब्रोकोलीचं सूप, ओट्सचे कटलेट, मोडाच्या मुगाचं सॅलड, बिनसाखरेची खीर. सगळ्यांनी “वेगळं आहे हं” म्हणत खाल्लं. जेवणाला ‘वेगळं आहे’ म्हणणं हे कोल्हापुरात कौतुक नसतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. साडेनऊला दीर म्हणाले, जरा रंकाळ्यावर चक्कर मारून येतो. अकराच्या अकरा जण चक्कर मारायला गेले. परत आले ते भेळेतल्या कच्च्या कांद्याचा वास घेऊनच. जाऊबाईंनी माझ्यासाठीही एक पुडा आणला होता. मी तो उभ्यानं, ओट्याशी खाल्ला.

त्याच आठवड्यात शेजारच्या काकूंनी आंबील यात्रेचा डबा आणून दिला. सौंदत्तीच्या डोंगरावर मार्गशीर्ष पौर्णिमेला रेणुकेची यात्रा होते, आपली माणसं तिकडून परत आली की इथं जवाहरनगरात, ओढ्यावरच्या रेणुकेला आंबील यात्रा. तुमच्यातल्या निम्म्याजणी डबे घेऊन गेलेल्या असणार. काय असतं त्या डब्यात? आंबील, घुगऱ्या, भाकरी, वरणं-वांगं, मेथीची भाजी, दहीभात, कांद्याची पात, गाजर, लिंबू. मी लहानपणापासून ते खात आले, पण त्या दिवशी आधी ब्रोकोलीचा मार बसलेला होता म्हणून नीट बघितलं.

ज्वारीत लायसिन नावाचं अमायनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, कमी असतं. वरणा हे शेंगेतलं कडधान्य, त्यात ते भरपूर. वरण्यात मेथिओनिन नावाचं दुसरं आम्ल कमी, ते ज्वारी भरून काढते. दोन्ही एका ताटात आली की प्रथिनांची बाजू भक्कम झाली. मेथीत लोह आहे, पण पालेभाजीतलं लोह आपलं शरीर सहज घेत नाही, त्याला ‘क’ जीवनसत्त्वाची सोबत लागते. म्हणून लिंबू. गाजर आणि कांद्याची पात कच्ची. आंबील आंबवलेली. तळलेलं काही नाही, गोड जवळपास नाही. आम्ही क्लिनिकच्या भिंतीवर ज्या थाळीचं चित्र लावतो, ती थाळी हीच. फरक एवढाच की चित्रातल्या थाळीत चव नसते.

माझं आज सांगणं एवढंच आहे: थंडीत पाहुणा आला की देवीला दाखवता ते ताट त्याच्यापुढं ठेवा. आपण नेमकं उलटं करतो. देवीला हंगामातलं देतो आणि पाहुण्याला बारा महिने मिळणारं पनीर. डिसेंबरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात हातगाडीवर वरण्याच्या शेंगा, ओला हरभरा, पावटा, मेथीच्या जुड्यांचे ढीग असतात, त्यांच्या शेजारून आपण डबाबंद मक्याचे दाणे शोधत जातो.

आंबिलीपासून सुरुवात करू. आठ माणसांना ज्वारीचं पीठ एक वाटी, आंबट ताक दोन वाट्या. रात्री एकत्र कालवून झाकून ठेवायचं. उन्हाळ्यात आठ तासांत आंबतं, आता बारा-चौदा तास लागतात. ओट्यावर गार फरशीवर ठेवू नका, धान्याच्या डब्यांच्या मधे ठेवा. सकाळी पाच वाट्या पाणी जिरं-मीठ घालून उकळायचं, त्यात हे कालवण धारेनं सोडत हलवत राहायचं, गुठळी झाली की संपलं. दहा मिनिटं मंद शिजू द्या. कोमट झालं की वर दीड-दोन वाट्या ताजं ताक, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर. नाचणीचीही करता येते. आपल्या गगनबावडा-राधानगरीकडची नाचणी असेल तर उत्तमच. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गव्हात 30 ते 40. आणि आंबवल्यानं धान्यातलं, लोह-कॅल्शियम अडवून धरणारं फायटेट कमी होतं, म्हणजे असलेलं लोह-कॅल्शियम अंगी लागायला मदत होते. जेवणाच्या सुरुवातीला पेल्यातून कोमट आंबील द्या. थंडीत तहान लागत नाही म्हणून माणूस पाणी कमी पितो, तेही यात भागतं.

आता वरणं-वांगं. यालाच भोगीच्या दिवशी ऊस, बोरं, गाजर, ओला हरभरा घातला की भोगीची भाजी. चंपाषष्ठी झाली, चातुर्मासात वांगं सोडलेल्यांचंही वांगं सुरू झालं, आणि कृष्णाकाठची वांगी आत्ता जशी मिळतात तशी वर्षभर मिळत नाहीत. आठ जणांना सोललेला वरणा दोन वाट्या, लहान वांगी सात-आठ, दोन गाजरं, मूठभर सोलाणे. तेल दोन पळ्या, जास्त नको. फोडणीत जिरं, लसूण, आणि आपली कांदा-लसूण चटणी दोन चमचे. इथं एक गोष्ट: चटणी कुटतानाच तिच्यात मीठ घातलेलं असतं. तरी आपण सवयीनं भाजीला पुन्हा पूर्ण मीठ घालतो. मीठ शेवटी, चव बघून घाला. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे एक चमचाभर, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब उन्हाळ्यापेक्षा चढा राहतो, त्यामुळं या दिवसांत तरी एवढं बघाच. वरणा अर्धा शिजला की वांगी घाला, आधी घालाल तर वांग्याचा लगदा होईल. शेवटी तीन चमचे तिळाचं कूट. खोबऱ्याचं वाटण घालू नका. वाटणानं सगळ्या भाज्यांची चव एकच होते, मग वरण्याला आणि बटाट्याला फरक काय राहिला?

(सभागृहातून: “मटणाचं बोला की!”)

येते, येते. मार्गशीर्ष संपायच्या आत विचारलंत! पण खरं आहे. कोल्हापुरात पाहुणा आला आणि तांबडा-पांढरा नाही केला तर पाहुणा परत जाऊन गावभर सांगतो. मी मटण बंद करा म्हणणार नाही. हिशेब बदला एवढंच म्हणते. माणशी पाव किलो हा आपला हिशेब. आठ माणसांना दोन किलो! मी एक किलो घेते. तक्रार येत नाही, कारण कोल्हापुरी जेवणाची खरी गंमत रश्शात आहे. पाहुणा वाट्यांवर वाट्या रस्सा पितो, फोडी मोजत नाही.

मटण आदल्या रात्री हळद, आलं-लसूण, मीठ घालून शिजवा. ते शिजलेलं पाणी, ज्याला आपण अळणी म्हणतो, गाळून, निवल्यावर फ्रीजमध्ये. सकाळी वर चरबीचा पांढरा थर धरलेला असतो, तो चमच्यानं उचलून टाका. एक किलो मटणाला बऱ्यापैकी निघतो. तो थर बघितलात की मला वेगळं काही सांगावं लागणार नाही. या अळणीचाच पांढरा रस्सा. नेहमी आपण दोन नारळांचं दूध, मूठभर काजू, खसखस, मगज असं सगळं घालतो आणि मग जेवल्यावर दोन तास कुणी उठत नाही. एक नारळ घ्या, काजू आठ-दहा, आणि दाटपणा यावा म्हणून पांढरे तीळ दोन चमचे भिजवून अगदी बारीक वाटून. आधी दुसरं, पातळ दूध घालून उकळा. पहिलं, दाट दूध गॅस बंद करायच्या आधी. ते उकळलं की रस्सा फुटतो. तिखटाला पांढरी मिरी. तांबड्याला वर तेलाचा तवंग दिसावा म्हणून पळीभर तेल गरम करून चटणी घालून ओतायची पद्धत आहे, त्यात मी पळीचा चमचा केला. रंग तेवढाच येतो, कारण रंग मिरचीचा असतो, तेलाचा नाही.

मटण नको असलेल्यांसाठी शेंगोळ्या. हुलग्याचं पीठ, लसूण, जिरं, चटणी घालून घट्ट मळायचं, लांब वळ्या करून उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडायच्या. भाकरीबरोबर गरम. हुलग्याला गरिबाचं कडधान्य म्हणून आपण पाहुण्यापुढं आणत नाही. माझ्या घरी गेल्या वर्षी तीच पातेली आधी रिकामी झाली.

गोडाकडं येते, आणि इथं मला तुमच्याशी थोडं भांडायचं आहे. गूळ. आपल्या जिल्ह्याचा अभिमान, भौगोलिक मानांकन मिळालेला. मी शिरोळकडची, गुऱ्हाळावर वाढलेली. काहिलीत रस उकळत असतो, रानभेंडीचं चिकट पाणी घातलं की मळी वर येते, ती काढत राहायची, आणि गुळव्या थेंब पाण्यात टाकून बघतो, गोळी बनली की काहील उतरवा! त्याच्या जरा आधी काढली ती काकवी. हातात उसाचं चिपाड घेऊन आम्ही रांगेत उभे. तेव्हा गूळ वाईट म्हणायला माझी जीभ वळणार नाही. पण क्लिनिकमध्ये रोज एक तरी मधुमेही म्हणतो, “मॅडम, साखर बंद केली, आता गूळच खातो.” अहो, गुळाचा बहुतेक भाग साखरच आहे! शंभर ग्रॅम साखरेत 400 कॅलरी, गुळात 380च्या आसपास. रक्तातली साखर गूळही वाढवतोच. लोह, खनिजं थोडी असतात, पण त्यासाठी गूळ खायचा म्हटलं तर इतका खावा लागेल की मग माझ्याकडं यावंच लागेल. दिवसाला वरून घातलेली साखर मोठ्या माणसाला 50 ग्रॅमच्या आत, 25च्या आत असेल तर जास्त बरं. त्यात गूळ, काकवी, मध सगळं धरून.

आणि घेताना पिवळाधमक गूळ घेऊ नका. तो रंग बऱ्याचदा रसायनानं आणलेला असतो. काळपट, तांबूस घ्या. दुकानदार म्हणेल, “ताई, हा जुना दिसतोय बघा.” दिसू दे.

तिळाच्या लाडवाचं माझं माप लिहून घ्या. तीळ अर्धा किलो, दाणे दोनशे ग्रॅम, सुकं खोबरं शंभर ग्रॅम, गूळ चारशे ग्रॅम. नेहमी आपण तिळाइतका गूळ घेतो. इथं कमी आहे, म्हणून पाक करायचा नाही. तीळ-दाणे भाजून, गूळ किसून, वेलदोडा घालून सगळं एकत्र कुटायचं. उखळ नसेल तर मिक्सरमध्ये थांबत थांबत. तिळाला तेल सुटतं आणि लाडू वळतो. सुपारीएवढे केले तर ऐंशी होतात, एकात पाच ग्रॅम गूळ आणि 75 ते 80 कॅलरी. तीळ न पॉलिश केलेले घ्या, कारण कॅल्शियम मुख्यतः सालीत असतं. पांढरेशुभ्र सोललेले तीळ दिसायला छान, त्यातलं ते निघून गेलेलं असतं. मात्र सालीतलं सगळं कॅल्शियम अंगी लागत नाही, तेव्हा लाडवाच्या भरवशावर दूध-ताक सोडू नका.

डिंकाचे लाडू मी सांगणार नाही. ते बाळंतिणीला आणि शेतावर राबणाऱ्याला. आपण सोफ्यावर बसून खातो, तूप तिथंच बसतं.

एक आग्रहाबद्दल. “घ्या की, घ्या की, एवढ्यानं काय हुतंय!” हे सोडा असं मी म्हटलं तर मंडळातून माझं नाव कापाल. आग्रह करा, फक्त भाजीचा, रश्शाचा, आंबिलीचा करा. जिलेबीचा ज्यानं त्यानं आपापला निर्णय घ्यावा. आणि जेवल्यावर लगेच चहा आणू नका. चहातल्या टॅनिनमुळं मेथीतलं, कडधान्यातलं लोह नीट अंगी लागत नाही. तासभर गप्पा मारा, मग चहा.

काही विचारायचं असेल तर विचारा.

(प्रश्न: थंडीत ताक प्यायल्यानं सर्दी होत नाही का?)

सर्दी विषाणूनं होते, ताकानं नाही. पण फ्रीजमधलं गार ताक घशाला बोचतं हे खरं, म्हणून तर कोमट आंबील म्हणाले.

(प्रश्न: बाजरीचं पीठ कडू होतं, काय करावं?)

बाजरीत स्निग्धांश जास्त असतो, दळली की तो लवकर खवट होतो. दोन किलो दळून आणून महिनाभर पुरवायला जाऊ नका. आठवड्यापुरतं दळा, उरलं तर फ्रीजमध्ये ठेवा. भोगीला तीळ लावून भाकरी करणार असाल तर गिरणीत बारा तारखेला जा, तेराला नको. तेराला सगळं कोल्हापूर गिरणीत असतं, आणि आधीच्याचे तांदूळ तुमच्या बाजरीत येतात.

(प्रश्न: मुलं आंबील पीत नाहीत.)

माझीही नव्हती पीत. पेल्याऐवजी त्यांना लाह्या वर घालून वाटीत दिली, चमच्यानं खाल्ली. मिरची मात्र काढून ठेवा.

मागं टेबलावर मी आज करून आणलेली आंबील आहे. पेले साठच आहेत, तुम्ही जास्त दिसताय. एकीनं धुवून दुसरीला द्या, नळाला गरम पाणी येतंय असं म्हणाले आहेत.