यमूच्या प्रश्नापासून पुढे: वाचायलाच हव्यात अशा काही कादंबऱ्या

(परदेशातील आमच्या मराठी मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातील भाषणाचे संपादित रूप)

मंडळाच्या अध्यक्षा, कार्यकारिणीचे सभासद आणि जमलेल्या मित्रमैत्रिणींनो,

मंडळाच्या पुस्तकांच्या कपाटाची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा त्यातल्या एका खणावर ‘महिलांसाठी’ अशी चिठ्ठी डकवलेली होती. त्या खणात लोणची-मुरंब्यांची पुस्तके, व्रतवैकल्यांच्या पोथ्या आणि स्त्रियांच्या आयुष्यावरच्या कादंबऱ्या दाटीवाटीने उभ्या होत्या. ती चिठ्ठी मी काढून टाकली, कारण त्या कादंबऱ्यांनी विचारलेला प्रश्न केवळ बायकांना विचारलेला नव्हता. तो घरातल्या प्रत्येकाला विचारलेला होता. ‘मला काय हवे आहे, हे कुणी कधी विचारले का?’ असा तो साधा प्रश्न आहे, आणि मराठी कादंबरीतल्या नायिकेला तो मोठ्याने विचारता यायला फार काळ जावा लागला.

वाचनाची सुरुवात कुठून करावी असे मला कुणी विचारले, तर मी एका पुरुषाने लिहिलेली कादंबरी हातात ठेवते. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० ते १८९३ या काळात ‘करमणूक’ या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. मुलींचे शरीरसंबंधासाठीचे किमान वय वाढवणाऱ्या संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्रात रणे माजली होती, ती हीच वर्षे. हरिभाऊंनी मात्र वादात न शिरता यमूला बोलते केले. संपूर्ण कादंबरी यमू स्वतः सांगते: बालपण, मैत्रीण दुर्गी, सासरचा धाक, आणि मुंबईत नवऱ्याबरोबर काढलेले ते थोडे सुखाचे दिवस, ज्यात तिला वाचनाची गोडी लागते. या सुखाच्या प्रकरणांकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते. आपण या कादंबरीविषयी बोलतो ते बहुधा विधवा झालेल्या यमूच्या शेवटच्या केशवपनाविषयी, आणि तो प्रसंग वाचताना आजही हात थरथरतो हे खरेच. परंतु त्या प्रसंगाचा घाव इतका खोल बसतो, तो आधीच्या पानांवर यमू मनाने किती मोठी झाली होती हे आपण पाहिलेले असते म्हणून. वाचायला शिकलेल्या, विचार करू लागलेल्या बाईला बळजबरीने सोवळी करणे म्हणजे काय, हे हरिभाऊंनी तिच्याच तोंडून ऐकवले.

या कादंबरीचे क्रमशः प्रकाशन संपले त्याच १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या बालविधवेशी पुनर्विवाह केला. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदन या विधवांसाठीच्या शाळेत शिकल्या होत्या. लग्नानंतर त्या आनंदीबाई कर्वे झाल्या आणि ‘माझे पुराण’ हे आत्मकथन त्यांनी मागे ठेवले. मी या घराचा उल्लेख मुद्दाम करते आहे, कारण पुढची दोन मोठी नावे कुठल्या ना कुठल्या वाटेने या घराशी येऊन मिळतात.

पहिले नाव विभावरी शिरूरकरांचे. हे टोपणनाव. लेखिका होत्या बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर, आणि त्या शिकल्या कर्व्यांच्या हिंगण्याच्या स्त्रीशिक्षण संस्थेत. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा त्यांचा कथासंग्रह आला, तेव्हा शिकलेल्या, कमावत्या, पण लग्नावाचून राहिलेल्या मुलींचे मन असे उघड्यावर मांडणारी ही बाई कोण, म्हणून गहजब झाला. ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी पाठोपाठ १९३४ साली आली. तिची नायिका अचला ही नवऱ्यापासून दुरावलेली स्त्री आहे आणि ती विरागबरोबर राहायचे ठरवते. आज हे वाचताना ‘एवढे काय मोठे?’ असे तरुण वाचकांना वाटू शकेल. त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की मुंबई प्रांतातल्या हिंदू स्त्रीला कायद्याने घटस्फोट मिळण्याची सोय १९४७ साली झाली आणि हिंदू विवाह कायदा आला तो १९५५ साली. अचलेपुढे जुन्या लग्नातून बाहेर पडण्याचे कायदेशीर दारच नव्हते.

मला स्वतःला मात्र विभावरींची ‘बळी’ ही १९५० सालची कादंबरी सर्वांत श्रेष्ठ वाटते. इंग्रज सरकारने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणाआड ठेवले होते. सोलापूरच्या अशा वसाहतीत मालतीबाईंनी अधिकारी म्हणून काम केले होते आणि तिथे पाहिलेले जग त्यांनी या कादंबरीत आणले. स्त्रियांचे लेखन माजघरापुरते असते, असे ज्यांना मनापासून वाटते त्यांनी ‘बळी’ एकदा वाचावी.

दुसरे नाव गौरी देशपांडे यांचे. कर्व्यांच्या सून इरावतीबाई यांची ही मुलगी म्हणजे धोंडो केशव आणि आनंदीबाईंची नात. यमूच्या काळात जी बालविधवा होती, तिच्या नातीने आपल्या नायिकांना ग्रीस-जपानपर्यंत नेले, आणि हे अंतर दोनच पिढ्यांचे आहे. गौरींची ‘एकेक पान गळावया’, ‘तेरुओ आणि कांहीं दूरपर्यंत’, ‘दुस्तर हा घाट आणि थांग’ ही पुस्तके म्हणजे लघुकादंबऱ्या. एकेक बैठकीत संपते, पण मनातून लवकर जात नाही. त्यांच्या नायिका परदेशात प्रवासी म्हणून जात नाहीत. तिथे त्या संसार करतात, भांडतात, एकट्या पडतात, आणि मनातल्या मनात मराठीत बोलत राहतात. ‘थांग’मधल्या कालिंदीला घर, नवरा, मुले सगळे काही आहे, आणि तरीही आपल्या आत नेमके काय आहे याचा थांग तिला लागत नाही. कुणी तिच्यावर जुलूम केलेला नाही, म्हणूनच तिची अस्वस्थता शब्दांत पकडणे यमूच्या दुःखाहून अवघड होते, आणि गौरींनी ती पकडली. आपल्यापैकी कितीतरी जणी नवऱ्याच्या नोकरीमागे या देशात आल्या, स्वतःच्या पदव्या ट्रंकेत ठेवून. त्यांना ही पुस्तके ओळखीची वाटतील.

आपल्या कपाटातल्या ‘तेरुओ’च्या प्रतीत कुणी तरी पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. एका पानाच्या समासात बारीक, तिरक्या अक्षरात फक्त ‘हो’ एवढेच लिहिलेले आहे. ते कुणी लिहिले हे मी कधी शोधले नाही, पण ते पान आले की मी थांबते.

आता काही पुस्तकांची केवळ नावे घेते. शांता गोखले यांच्या ‘रीटा वेलिणकर’मध्ये घराचा भार वाहून मोडून पडलेली बाई रुग्णालयात स्वतःला पुन्हा गोळा करते, लेखिकेची मुलगी रेणुका शहाणे यांनी तिच्यावर चित्रपट केला, तरी आधी पुस्तक वाचावे. आशा बगे यांच्या ‘भूमी’ला २००६ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, शांत, संथ वाचनाची सवय असलेल्यांना ती आवडेल. मेघना पेठे यांची ‘नातिचरामि’ आपले नावच कन्यादानाच्या वेळच्या वचनातून घेते आणि लग्न या गोष्टीची निर्भीडपणे झडती घेते. ती प्रौढ वाचकांसाठी आहे, आणि तिच्यावर वाद व्हावा अशीच आहे.

कविता महाजन यांच्या ‘ब्र’साठी मात्र थोडे थांबावे लागेल. ‘ब्रही न काढणे’ हे आपण सहज बोलतो. २००५ साली आलेल्या या कादंबरीत स्वयंसेवी संस्थेत काम करणारी प्रफुल्ला आदिवासी भागातल्या महिला सरपंचांना भेटत फिरते. ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतीत एक तृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या, पण खुर्चीवर बसलेल्या बाईला ‘ब्र’ काढू द्यायचा की नाही हे गावातले पुरुषच ठरवत राहिले. अविश्वासाचे ठराव, न वाचता घेतलेल्या सह्या, दडवलेली कागदपत्रे हे सगळे त्यात आहे. आणि या बायकांना ऐकता ऐकता प्रफुल्लालाही आपला आवाज सापडतो. कविताताई २०१८ साली गेल्या, अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी. त्यांनी अजून खूप लिहायला हवे होते.

एक विनंती आहे. देशातून येताना २३ किलोच्या दोन बॅगांत आपण भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आवर्जून आणतो. त्यात यांपैकी एखादे पुस्तक आणावे आणि आपले वाचून झाल्यावर कपाटात ठेवावे. ‘बळी’ची प्रत आपल्याकडे नाही, आणि ‘ब्र’ची एकच प्रत आहे, तिच्यासाठी पाच जणांची नावे लागली आहेत.

बाकीची पुस्तके मागच्या टेबलावर मांडली आहेत. वहीत नाव आणि तारीख लिहून जे हवे ते न्यावे. ‘तेरुओ’ जी नेईल, किंवा जो नेईल, त्यांनी पेन्सिलीच्या खुणा तेवढ्या खोडू नयेत.