तांबड्या मातीचा प्रांत: मिसियोनेस

श्रोतेहो, नमस्कार.

उपासाला साबुदाण्याची खिचडी नसेल असं मराठी घर विरळाच. पण हा साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तो कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तिथे तो 'मांदिओका' म्हणून रोजच्या जेवणात असतो. त्याच्याच पिठात चीज मळून तव्यावर थापतात आणि त्याला 'म्बेजू' म्हणतात. आपल्या थालीपिठाची लांबची बहीणच म्हणा ना! हे म्बेजू जिथे घरोघरी होतं, त्या मिसियोनेस प्रांताबद्दल आज बोलणार आहे.

अर्जेंटिनाच्या नकाशात ईशान्य कोपऱ्यात एक जिभेसारखा भाग बाहेर आलेला दिसतो, तो हा प्रांत. पश्चिमेला पाराना नदी, तिच्या पलीकडे पॅराग्वे. पूर्वेला उरुग्वे नदी आणि उत्तरेला इग्वासू, त्यांच्या पलीकडे ब्राझील. स्वतःच्या देशातला शेजारी एकच, कोरिएंतेस प्रांत. त्यामुळे इथल्या बोलण्यात स्पॅनिश, पोर्तुगीज आणि तिथल्या मूळ रहिवाशांची ग्वारानी अशा तिन्ही भाषा मिसळलेल्या असतात.

कोकणातल्या माणसाला इथली माती पाहून घरची आठवण येईल, इतकी ती तांबडी आहे. कारणही तेच आहे. आपल्या सह्याद्रीसारखाच इथेही लाव्ह्याचा काळा बेसॉल्ट आहे, आणि त्याची झीज होऊन त्यातलं लोह गंजलं की माती लाल होते. हा लाव्हा सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे आपल्या दख्खनच्या दगडाच्या जवळजवळ दुप्पट जुना. याच काळ्या कड्यांवरून इग्वासूचे धबधबे कोसळतात. लहानमोठे मिळून अडीचशेच्या वर आहेत. ग्वारानी भाषेत 'इ' म्हणजे पाणी आणि 'ग्वासू' म्हणजे मोठं. जग इथे येतं ते हे पाणी पाहायला, आणि ते पाहावंच.

पण माझं मन रमतं ते तिथून दक्षिणेला, सान इग्नासिओ मिनी इथल्या भग्न भिंतींपाशी.

सतराव्या शतकात जेझुइट या कॅथलिक पंथाचे पाद्री ग्वारानी लोकांमध्ये वस्त्या उभारू लागले. या वस्त्यांना 'मिसिओन' म्हणत, त्यावरूनच प्रांताला नाव मिळालं. याच पंथाचे फादर थॉमस स्टीफन्स त्याच सुमारास गोव्यात मराठीत ख्रिस्तपुराण रचत होते. ते १६१६ साली छापलं गेलं. दोन खंडांवर एकाच पंथाची माणसं तिथल्या लोकांची भाषा शिकत होती.

सान इग्नासिओ ही वस्ती १६१० साली आजच्या ब्राझीलमध्ये वसली. गुलाम पकडणाऱ्या टोळ्या तिथे चालून आल्या, म्हणून लोक घरंदारं सोडून नदीमार्गे खाली आले, आणि १६९६ मध्ये सध्याच्या जागी स्थिरावले. मधल्या काळात, १६४१ साली, म्बोरोरे इथे ग्वारानींनी त्या टोळ्यांचा पराभव केला. ग्वारानींकडच्या काही तोफा जाड बांबूच्या होत्या, वरून बैलाचं कातडं गुंडाळलेल्या! इतिहासात ही लढाई जेझुइटांच्या नावावर सांगितली जाते. मला वाटतं ती ग्वारानींच्याच नावावर सांगायला हवी.

१७६७ साली स्पेनच्या राजाने जेझुइटांना हद्दपार केलं. वस्त्या ओस पडत गेल्या आणि जंगल आत शिरलं. सान इग्नासिओला एका झाडाने दगडी खांबाला असं वेढून टाकलं, की खांब खोडाच्या आत गडप झाला. लोक त्याला दगडी काळजाचं झाड म्हणतात. १९८४ साली हे अवशेष युनेस्कोच्या यादीत गेले. लाल वालुकाश्मावर ग्वारानी कारागिरांनी कोरलेली फुलं आणि देवदूत तिथे अजून आहेत.

जाताना जेझुइटांबरोबर एक विद्याही गेली. येर्बा माते या झाडाची पानं ग्वारानी रानातून आणत आणि त्यांचं पेय करत. त्याचं बी सहजासहजी रुजत नाही. ते रुजवण्याची युक्ती वस्त्यांना साधली होती, ती पुढे विसरली गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे पुन्हा लागवड उभी राहिली. आपोस्तोलेस गावात १८९७ पासून येऊन राहिलेली पोलिश आणि युक्रेनियन कुटुंबंही या शेतीत उतरली.

येर्बा तोडणाऱ्या मजुराला 'तारेफेरो' म्हणतात. ऐन हिवाळ्यात, दवाने भिजलेल्या मळ्यात तो फांद्या तोडतो, मोठ्या कापडावर रचतो आणि चारी टोकांना गाठ मारतो. हे गाठोडं शंभर किलोच्या घरात जातं, आणि मजुरी मिळते ती किलोवर. आपल्या ऊसतोड कामगारांची पाठ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पुढे ती पानं लगेच जाळावरून काढतात, वाळवतात, भरड करतात आणि महिनोन् महिने मुरवत ठेवतात. आपल्यापर्यंत पाकीट येतं, तारेफेरोचं नाव येत नाही. मला हे लागतं.

कधी तिथे गेलात, तर कुणीतरी तुमच्यापुढे माते धरेलच. दुधी भोपळ्याचा वाळवलेला तुंबा, त्यात पानं, आणि धातूची नळी. भरणारा पहिला तुंबा स्वतः पितो, मग एकेकाला भरून देतो. सगळ्यांना नळी एकच. ती ढवळू नका, पाणी संपेपर्यंत प्या. आणि परत देताना 'ग्रासियास', म्हणजे 'आभारी आहे', असं म्हणण्याची घाई करू नका. तिथे त्याचा अर्थ 'आता पुरे' असा होतो, आणि पुढच्या फेरीत तुंबा तुम्हाला वगळून जातो.