सुताराचा हात किती टक्के?

ओडिशातलं जेपोर. १९६८ सालचा जुलै. सिनेमा थिएटरात सजावटीचं काम करताना एक सुतार खाली पडला. डावा हात कोपरापासून कापावा लागला.

पुढचं भांडण टक्क्यांचं.

१९२३ च्या कामगार भरपाई कायद्याला एक यादी जोडलेली होती: कुठला अवयव गेला की कमाईची ताकद किती टक्के घटली असं धरायचं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही अशी यादी आहे. माणसाच्या अंगाचं दरपत्रकच म्हणा ना. अंगठा गेला, ३० टक्के. तर्जनी, १४. मधलं बोट, १२. एका हाताची चारही बोटं, ५०. खांद्याच्या टोकापासून आठ इंच सोडून, कोपराखाली साडेचार इंचांच्या आत कुठेही हात तुटला, तर ७०. मालकाचं म्हणणं सरळ होतं: टेप लावा आणि यादीत बघा.

भरपाई आयुक्तांनी आधी धंदा बघितला. पटाशी एका हातानं धरायची, दुसऱ्यानं ठोकायचं. रंध्यालाही दोन्ही हात लागतात. एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून अपंगत्व शंभर टक्के. भरपाई ९,८०० रुपये, वर दंड आणि व्याज. कायद्याची व्याख्याही तीच होती: अपघाताच्या वेळी माणूस जी कामं करू शकत होता, ती सगळी थांबली की अपंगत्व संपूर्ण. मालक सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. डिसेंबर १९७५ मध्ये तिथंही हरला. भरपाईचं देणं अपघाताच्या दिवसापासूनच लागू होतं, असंही कोर्टानं सांगितलं. तोवर सात वर्षं उलटली होती.

यादीत नसलेल्या दुखापतींचं काय? दुखावलेली पाठ, आखडलेला खांदा? तिथं कमाईची ताकद किती घटली, हे डॉक्टरांनी ठरवायचं. हाडं जोडणाऱ्याला हे कुठल्या वर्षाला शिकवतात, कोण जाणे. दाखल्यावर ‘४५ टक्के’ लिहिलेलं असतं. समोरचा वकील विचारतो: डॉक्टर, हे पायाचे, की सगळ्या शरीराचे? उपचार तुम्हीच केलेत का?

आणि सिलिकोसिस, दगडाच्या भुकटीनं होणारा फुप्फुसांचा आजार? आयुष्यभर तीन-चार मालकांकडे दगडाची भुकटी छातीत घेतलेला माणूस. कायदा म्हणतो, भरपाई सगळ्या मालकांनी मिळून द्यायची. कुणी किती, ते सक्षम अधिकारी ठरवतील. एक्स-रेवर डाग दिसतात, त्यांवर मालकाचं नाव नसतं. मग कुणाकडे किती वर्षं काढली, ते हजेरीपटावरून बघायचं. आणि ठेकेदारानं हजेरीपट ठेवलाच नसेल, तर?