मासा उलटू नका

नमस्कार श्रोतेहो.

आज एका जेवणाबद्दल बोलणार आहे. जेवण बुसानचं. बुसान म्हणजे दक्षिण कोरियातलं सोलनंतरचं सगळ्यांत मोठं शहर आणि देशातलं सगळ्यांत मोठं बंदर. तिथून तासाभरावर उल्सान आहे, माझा मुलगा तिथे जहाजं बांधायच्या कारखान्यात इंजिनियर आहे. सून बुसानचीच. गेल्या ऑक्टोबरात आम्ही दोघं तिकडे गेलो, तेव्हा व्याह्यांनी आम्हाला समुद्रकाठच्या एका खानावळीत नेलं. भाजलेल्या माशांची खानावळ. बरं का, भाजलेल्या. तळलेल्या नव्हे.

आधी बाजार पाहिला. जागाल्ची बाजार. मासे विकणाऱ्या बहुतेक बायकाच. कोरियन युद्धाच्या काळात, म्हणजे 1950 ते 53, बुसान ही तात्पुरती राजधानी होती. लाखो निर्वासित तिथे आले आणि पोटासाठी कितीतरी बायकांनी या धक्क्यावर माशांच्या टोपल्या मांडल्या. या बाजाराचं एक ब्रीदवाक्य आहे, बुसानच्या बोलीत: ओइसो, बोइसो, साइसो. या, बघा, घ्या. आमच्या मालवणच्या मासळी बाजारात ‘घेवा’ म्हणायच्या आधी ‘हात लावू नको’ ऐकू येतं, पण ते असो.

खानावळीत बूट बाहेर काढायचे, बुटक्या टेबलाशी मांडी घालून बसायचं. टेबलाला घंटीचं बटण असतं, ते दाबलं की वाढणारी येते. आमच्या व्याह्यांनी मात्र बटण दाबलं नाही, हाक मारली, ‘इमो!’ सुनेला विचारलं, इमो म्हणजे काय? ती म्हणाली, मावशी. आईची बहीण. तिकडे खानावळीतल्या वाढणाऱ्या बाईला मावशी म्हणतात! मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

मावशींनी आधी वाट्याच मांडल्या. किमची, मोड आलेलं कडधान्य, समुद्री शेवाळ, मुळा, चटकमटक काय काय. संपलं की पुन्हा आणतात, पैसे लागत नाहीत. मग मासे. बांगडा होता, आपल्यापेक्षा थोराड आणि शरद ऋतूतला, म्हणून चरबीने तुपाळलेला. बांगडा हा बुसानचा अधिकृत मासा आहे, शहराचा मासा! आपल्याकडे पाहुणे आले की लोक पापलेटामागे धावतात. श्रोतेहो, पापलेट हा भिडस्त मासा आहे, त्याला स्वतःची चव नाही, हे माझं मत मी मरेपर्यंत सोडणार नाही. तर बांगडा होता, सुरमईची चुलत बहीण साम्ची होती, वाकटीसारखी लांब रुपेरी गाल्ची होती. आणि एक अख्खा गाजामी, आपल्या लेपासारखा चपटा, पण रुंद.

मसाला? मीठ. हळद नाही, आगळ नाही, तिखट नाही. नुसतं मीठ आणि आग. मी यांच्याकडे बघितलं, यांनी माझ्याकडे. पण पहिला घास खाल्ला आणि गप्प झाले. मासा ताजा असला की मिठानेच भागतं. पुन्हा सांगते, ताजा असला की.

आता गंमत इथेच झाली. टेबलाच्या टोकाला विहीणबाईंच्या आई होत्या, वय 84. त्यांनी चमचा उचलेपर्यंत कोणी जेवायला सुरुवात केली नाही, तशी तिथे रीतच आहे. भात चमच्याने खायचा, बाकीचं स्टीलच्या काड्यांनी. त्या काड्या इतक्या गुळगुळीत की माझा निम्मा मासा किमचीत पडला. शेवटी मी काड्या ठेवल्या आणि बोटं वापरली. माझ्यासमोर गाजामी होता. वरची बाजू खाऊन झाली, काटा दिसायला लागला. मग आपण काय करतो? उलटतो. मीही शेपटीला धरला आणि उलटला.

आजींनी चमचा खाली ठेवला.

व्याही खिडकीतून समुद्र बघायला लागले. विहीणबाईंनी तोंडावर हात घेतला. हे माझ्या कानात म्हणाले, ‘काय केलंस गं?’ मला वाटलं, बोटांनी खाल्लं म्हणून असेल. म्हटलं, चुकलंच माझं, आणि मासा परत होता तसा करायला हात पुढे केला. तर सून ओरडली, ‘आई, नको! दोनदा उलटेल!’

मग तिने सांगितलं. कोरियातल्या कोळी घरांत मासा ताटात उलटत नाहीत. मासा म्हणजे होडी. मासा उलटला की होडी उलटते. वरची बाजू खायची, मग शेपटीकडून काटा अलगद उचलायचा, डोक्यापर्यंत, आणि मग खालची बाजू खायची. मासा जागचा हलत नाही. परत सांगते, कारण हे घरी करून बघण्यासारखं आहे: वर खा, काटा उचला, खाली खा.

आजींचे यजमान मासेमारीच्या बोटीवर होते. आजी माझ्याकडे बघत काहीतरी म्हणाल्या. सुनेने सांगितलं, ‘हालमोनी म्हणते, तिच्या घरात मासा कधी उलटला नाही. आजोबा अंथरुणात गेले.’

अंथरुणात गेले. हे किती अभिमानाने सांगितलं म्हणून सांगू! आमच्या आळीतल्या ज्या बायका नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन पुढचे आठ-नऊ महिने दाराकडे कान लावून बसतात, त्यांना हे वाक्य सांगितलं तर लगेच कळेल. मी सुनेकरवी आजींना नारळाचं सांगितलं. त्यांनी विचारलं, नारळ महाग असतो का? म्हटलं, हल्ली आहे. त्यांनी मान हलवली. समुद्राला स्वस्तातलं देऊन चालत नाही, म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, तुमच्या घरचं कोणी बोटीवर आहे का? मी म्हटलं, नाही हो, मुलगा नुसती जहाजं बांधतो. आजी सरळ बसल्या. ‘मग तर तू मुळीच उलटू नकोस. होडी उलटली तर चार माणसं. त्याचं जहाज केवढं असतं!’

सगळे हसले, माझा मुलगा सोडून.

आणि मग आजींनी तो उलटलेला गाजामी स्वतःकडे ओढला. ‘मी चौऱ्याऐंशीची. मला आता कुठे बोटीत बसायचंय?’ एवढं म्हणून तो संपवला, काट्यासकट चोखून. मावशींना हाक मारून दुसरा गाजामी मागवला. त्याचा काटा माझ्याकडून उचलून घेतला, तिसऱ्या वेळी जमला. आणि काट्याखालचा पहिला तुकडा काड्यांनी उचलून माझ्या चमच्यातल्या भातावर ठेवला. तिकडे मायेने असंच वाढतात, दुसऱ्याच्या भाताच्या चमच्यावर.

व्याह्यांनी मग वातावरण हलकं करायला तिकडची एक म्हण सांगितली. शरदात जॉनो नावाचा मासा भाजायला घेतला की त्याच्या वासाने घर सोडून गेलेली सूनही परत येते. ही म्हण नक्की कुठल्यातरी सासूने केलेली असणार, मासा भाजला की झालं, स्वतः काही बदलायला नको! आमची सून म्हणाली, ‘मी जॉनोने येणार नाही. आईंनी तिरफळ घालून बांगड्याचं तिखलं केलं तर विचार करेन.’

निघताना यांनी पाकीट काढलं, व्याह्यांनी यांचा हात धरला, दोघांची झटापट झाली. मावशी म्हणाल्या, बिल केव्हाच दिलंय. आजी जेवणाआधी हात धुवायला म्हणून उठल्या होत्या ना, तेव्हा.

वर त्यांनी माझ्या हातात एक पिशवी कोंबली. सुकी म्योल्ची, आपल्या सुक्या मांदेलीच्या जातीची, किलोभर तरी. तिचा वास परतीच्या विमानतळावर किती लांबवर गेला आणि कोण कोण बघायला आलं, ते पुढच्या वेळी सांगेन.

नमस्कार.