नकाशा बाजूला ठेवा, पाण्याची लाइन बघा

हद्दवाढ म्हटलं की सगळे नकाशावर तुटून पडतात, रेष इथून काढायची की तिथून, पण मी म्हणतो आधी पाण्याची लाइन कुठून कुठे जातेय ते बघा, कारण खरी बोलणी तिथे होतात. लॉस एंजेलिसचंच घ्या ना. 1906 मध्ये या शहराने दक्षिणेकडची एक लांबलचक अरुंद पट्टी हद्दीत घेतली, लोक तिला शूस्ट्रिंग म्हणायला लागले, म्हणजे बुटाची नाडी, आणि नकाशावर ती दिसतेही अगदी तशीच. कशासाठी एवढा खटाटोप? तर बंदरासाठी. सॅन पेड्रो आणि विल्मिंग्टन ही समुद्राकाठची गावं शहराला हवी होती पण हद्दीला हद्द लागून नव्हती, म्हणून आधी पट्टी घेतली आणि 1909 मध्ये मतदान होऊन दोन्ही गावं आत आली, बंदर सुधारून देऊ या आश्वासनावर.

मग 1913 ला ओवेन्स खोऱ्यातून पावणेचारशे किलोमीटरवरून पाणी आलं. आणि शहराने सांगितलं, पाणी पाहिजे तर हद्दीत या. शहराच्या उत्तरेकडचा सॅन फर्नांडो व्हॅली हा भाग 1915 मध्ये आला, शहराचं क्षेत्रफळ एका झटक्यात दुपटीच्या वर गेलं. मला यात सगळ्यात जास्त खुपतं ते हे, की ज्या ओवेन्स खोऱ्यातलं पाणी गेलं तिथल्या शेतकऱ्यांना या मतदानात जागाच नव्हती, ते कुठल्याच हद्दीत बसत नव्हते ना.

सगळेच काही आत गेले नाहीत. बेव्हर्ली हिल्सने 1923 मध्ये मतदान करून नाही म्हटलं, सिनेमातले मोठे नट-नट्या प्रचाराला उतरले होते, आणि आजही चारही बाजूंनी दुसऱ्यांची हद्द असलेलं ते वेगळं शहर आहे.

आता इमारतींच्या उंचीचं. लॉस एंजेलिसमध्येच 150 फुटांची मर्यादा होती, साधारण 13 मजले, आणि ती 1950 च्या दशकाच्या शेवटापर्यंत टिकली. अपवाद कुणाला मिळाला तर खुद्द सिटी हॉलला, 1928 ची ती इमारत 138 मीटर, म्हणजे साधारण 450 फूट उंच आहे, आणि त्यासाठीसुद्धा लोकांचं मत घ्यावं लागलं होतं. हे मला आवडतं, सूट पाहिजे तर उघडपणे मागा, बंद खोलीत नाही. पण एक विसरू नका, वर जायला मनाई आणि बाजूला जमीन मोकळी असली की शहर आडवं पसरतं, मग रस्ता, ड्रेनेज, शाळा सगळंच लांबवर न्यावं लागतं आणि तो खर्च टॅक्सवर येतो, म्हणून उंची आणि हद्द हे दोन विषय वेगवेगळ्या मीटिंगला ठेवणं मला तरी चूक वाटतं.

आणि आत आलेलं गाव कायमचं खूश असतं असंही नाही. त्याच सॅन फर्नांडो व्हॅलीतल्या लोकांनी आम्ही भरतो जास्त आणि मिळतं कमी म्हणून वेगळं व्हायची मागणी लावून धरली, 2002 मध्ये मतदान झालं, व्हॅलीने अगदी थोडक्या फरकाने हो म्हटलं पण मोजायची होती अख्ख्या शहराची मतं, आणि शहराने नाही म्हटलं.