टर्बो सगळ्यात शेवटी निवडायचा

मंडळी, आज एकच गाडी धरून बोलतो: स्कोडा ऑक्टाव्हिया. शेंद्र्याच्या कारखान्यात जुळणी झालेल्या या गाड्या आपल्याकडे भरपूर आहेत आणि हिच्या ईए८८८ इंजिनाचा टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) बदलणं तुलनेनं सोपं आहे. सोपं आहे म्हणूनच घोटाळे जास्त होतात.

१.८ लिटरच्या टीएसआय इंजिनाला आयएचआय कंपनीचा आयएस१२ टर्बो येतो, ऑक्टाव्हियाच्या वेगवान व्हीआरएस आवृत्तीच्या २.० लिटरला आयएस२०, आणि फोक्सवॅगनच्या गोल्फ आरला आयएस३८. तिन्ही त्याच जागी बसतात. मग माणूस थेट आयएस३८ वरच उडी मारतो. पण आधी गाडीखाली जाऊन गिअरबॉक्स कुठला आहे ते बघा.

आपल्या १.८ ला कोरड्या क्लचचा, सात गिअरचा डीक्यू२०० हा डीएसजी (ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स आहे. टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, पेलायची त्याची क्षमता २५० न्यूटन-मीटर, आणि इंजिनही कंपनीनं बरोबर २५० वरच बांधून ठेवलंय. परदेशात याच इंजिनाला ओल्या क्लचचा गिअरबॉक्स जोडला, तर कंपनीनं स्वतःच २८० दिले. म्हणजे दम इंजिनात आहे, अडचण गिअरबॉक्सची आहे. आयएस३८ बसवून चारशेच्या आसपास टॉर्क काढला की हा क्लच आधी घसरतो, मग जळतो. तेव्हा १.८ डीएसजीवाल्यांनी या व्याख्यानातून फिटिंगचा भाग तेवढा घ्यावा, टर्बोचा नाद सोडावा. २३० पीएसच्या (पीएस म्हणजे साधारण हॉर्सपॉवर) व्हीआरएसला ओल्या क्लचचा डीक्यू२५० आहे. त्याची कंपनीची मर्यादा ३५०. वर जायचं तर गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअरही बदलावं लागतं, नाहीतर क्लचवरचा दाब जुन्या टॉर्कच्याच हिशोबानं राहतो.

आता व्हीआरएस धरून हिशोब मांडू. समजा ३२० पीएस हवेत, म्हणजे २३५ किलोवॅट. दर किलोवॅट-तासाला ३०० ग्रॅम पेट्रोल धरलं तर तासाला साधारण ७० किलो. फुल लोडवर एक भाग पेट्रोलला बारा भाग हवा, म्हणजे तासाला ८४७ किलो, सेकंदाला ०.२३५ किलो हवा. टर्बो कुठलाही असो, एवढी हवा लागणारच.

ती १,९८४ सीसीमध्ये कोंबायची तर दाब किती? ६,००० आरपीएम, सिलिंडर ९५ टक्के भरतोय, इंजिनात शिरण्याआधी मॅनिफोल्डमधली हवा ५७ अंश. उत्तर येतं २.३६ बार निरपेक्ष, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब धरून. इंटरकूलर (टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणारी जाळी) आणि होजमध्ये ०.१२ बार जातो, म्हणजे टर्बोच्या तोंडाशी २.४८ हवा. इथपर्यंत सगळे येतात. पुढची पायरी मात्र बहुतेक जण गाळतात. टर्बोला कळतं ते गुणोत्तर, बाहेरच्या हवेच्या किती पट. मुंबईत हवेचा दाब १.०१ बार, फिल्टरमध्ये ०.०३ गेला, गुणोत्तर २.५३. पुण्यात, ५६० मीटरवर, ०.९५ बार, तर गुणोत्तर २.७. महाबळेश्वरला ०.८६ च्या आसपास, तिथे तेच गुणोत्तर ३ च्या घरात. गेजवरचा आकडा तोच ठेवायचा हट्ट धरला, तर घाट चढताना टर्बोचा शाफ्ट जास्त जोरात फिरत असतो. मुंबईत जेमतेम पुरणारा टर्बो पसरणीच्या घाटात मर्यादेबाहेर जातो तो असा.

हे आकडे कंप्रेसर मॅपवर, म्हणजे टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागाच्या आलेखावर, ठेवा. ट्रेकर मंडळींना तो लगेच कळेल, डोंगराच्या नकाशावर समोच्च रेषा असतात तसाच दिसतो. आडवी हवा, उभं गुणोत्तर, मधे कार्यक्षमतेचा माथा. ३५ अंशांच्या दुपारी २.७ गुणोत्तराला ७२ टक्के कार्यक्षमता मिळाली तर टर्बोतून हवा १७५ अंशांनी बाहेर पडते. ६२ टक्के मिळाली तर १९८ अंशांनी. सगळा बोजा इंटरकूलरवर. म्हणून मूळचा इंटरकूलर ठेवून मोठा टर्बो घालणं मला पैशांची नासाडी वाटते. पहिल्यांदा जोरात ओढताना मजा येते, तिसऱ्या वेळी हवा तापते, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि गाडी होती तिथेच येते.

दुसरा बिंदू ३,००० आरपीएमचा ठेवा. दाब तोच मागितला तर हवा मात्र निम्मी, ०.१२ किलोच्या आत. बिंदू मॅपच्या डाव्या कडेला, सर्जच्या रेषेकडे सरकतो. तिथे कंप्रेसरमध्ये हवा पुढे-मागे आपटते, फडफड ऐकू येते आणि थ्रस्ट बेअरिंग मार खातं. खालच्या आरपीएमवर पूर्ण बूस्ट (टर्बोनं वाढवलेला दाब) देऊ नका. कनेक्टिंग रॉड वाकतात तेही तिथेच, कारण रॉडला मारतो तो टॉर्क. आणि गोल्फ आरला आयएस३८ देताना फोक्सवॅगननं पिस्टन, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि इंजेक्टरही बदलले होते, हे ध्यानात असू द्या. तीनशे पीएसच्या आत समाधान असेल तर आयएस२० काढूच नका. नुसतं ट्यूनिंग आणि चांगला इंटरकूलर पुरतो.

पेट्रोलचं काय? पंपावर आता ई२० आहे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल नॉकिंगला (सिलिंडरमध्ये इंधन अवेळी भडकण्याला) आवर घालतं, हे चांगलंच. पण शुद्ध पेट्रोलला वजनानं १४.७ पट हवा लागते, ई२० ला सुमारे १३.५ पट. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के इंधन जास्त. इंधनाचा हाय-प्रेशर पंप आधीच काठावर असेल तर इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या रेलचा दाब वरच्या आरपीएमला कोसळतो.

आता फिटिंग. या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच आहे, टर्बो थेट हेडच्या स्टडवर बसतो. जुने नट गरम होऊन चिकटलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. घाईत पाना फिरवला तर स्टड तुटतो, नाहीतर आटे जातात, आणि मग हेड उतरवायची पाळी. नवे नट, नवी पॅकिंग, नवे ओ-रिंग, ऑइल आणि कूलंटच्या लाइनचे नवे सील. यात काटकसर नको.

टर्बो हातात घेऊन चाक फिरवा. कोरड्या टर्बोचा शाफ्ट आडवा किंचित हलतो, ते चालतं. पुढे-मागे हलताना हाताला जाणवला, किंवा चाक घासलं, तर माल परत करा. बाजारात नकली आयएस३८ ढीगभर आहेत.

ऑइल फीडच्या तोंडाला सिलेंट कधीच लावू नका. त्याचा एक कण आत गेला की बेअरिंगला तेल बंद. रिटर्न पाइप सरळ खाली उतरला पाहिजे. तो दबला तर तेल टर्बोत साचतं, सीलमधून एक्झॉस्टमध्ये जातं, निळा धूर येतो, आणि लोक नव्या टर्बोलाच शिव्या देतात. जुना टर्बो तुटून गेला असेल तर इंटरकूलर नुसता धुऊन भागत नाही, धातूचे कण जाळीत राहतात. बदलून टाका.

फीडच्या भोकात स्वच्छ तेल ओता, चाक हातानं फिरवा. इंजेक्टरचं कनेक्शन काढून दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा, ऑइल प्रेशर येईपर्यंत. मग चालू करून काही मिनिटं आयडलवर ठेवा, रेस अजिबात नको. कूलंटमधली हवा स्कॅनरनं पंप चालवून काढा, नाहीतर बुडबुडा नेमका टर्बोत अडकतो. वेस्टगेटचा (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेचा) अ‍ॅक्चुएटर विजेवर चालतो, त्याचं बेसिक सेटिंग स्कॅनरनं करावंच लागतं. ते राहिलं की बूस्ट झोके खातो. स्पार्क प्लग उष्णतेच्या श्रेणीत एक पायरी थंड, गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर.

कायद्याचं एका वाक्यात: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारे बदल करू देत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हेच पुढे करते. असली गाडी ट्रॅकसाठीच.

ट्यूनिंग करताना बूस्ट पायरी पायरीनं वाढवा आणि प्रत्येक पायरीला लॉग घ्या: मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, हवेचं तापमान, लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण), रेल प्रेशर, चारही सिलिंडरचं टायमिंग. सगळे सिलिंडर तीन-चार अंश मागे जात असतील तर बूस्ट कमी करा. एकच जात असेल तर त्याचा प्लग आणि इंजेक्टर बघा. बूस्ट मागितल्याएवढा येत नसेल तर ट्यूनरला फोन लावण्याआधी धुराची टेस्ट करा, म्हणजे पाइपांत धूर सोडून गळती शोधा. बऱ्याच वेळा कुठल्यातरी होजचा क्लॅम्प ढिला निघतो. पाचशे किलोमीटरनंतर तेल आणि फिल्टर बदला, आणि इंजिन पूर्ण थंड असताना टर्बोचे नट टॉर्क रेंचनं पुन्हा तपासा.