मामा तलावांची मशागत

भंडारा आणि गोंदिया. पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या या जिल्ह्यांत गावोगाव तलाव दिसतात. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी ते धानाच्या शेतीसाठी बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, गेली, तलाव सरकारजमा झाले. कागदावर ते 'माजी मालगुजारी' आणि लोकांच्या तोंडी 'मामा तलाव'.

तलावदुरुस्ती म्हटली की आपल्याकडे जेसीबी येतो. गाळ निघतो, पाणी वाढतं. मासळी मात्र वाढेलच असं नाही.

काठावरची ही फिकट जांभळ्या फुलांची झुडपं पाहा. ही बेशरम, मूळची दक्षिण अमेरिकेतली. गुरं तिला तोंड लावत नाहीत. तोडून टाकलेली फांदी ओल्या चिखलात पडली, तर तिलाही मुळं फुटतात. त्यामुळे कापून भागत नाही. मुळासकट उपटून पाण्यापासून लांब वाळवावी लागते. कंबर मोडणारं काम आहे हे.

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांनी मासेमारी करणाऱ्या इथल्या ढिवर समाजासोबत बेशरम काढून पाणवनस्पती लावण्याचं काम उभं केलं. कुठल्या वनस्पतीखाली कोणता मासा सापडतो, हे ढिवरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. त्याच माहितीवर लागवड ठरली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बेशरम काढायची, उघडा पडलेला तळ नांगरायचा आणि पाणी भरू लागलं की चांगल्या तलावातून आणलेल्या स्थानिक पाणवनस्पती हातानं लावायच्या. चिखलात उतरून ही लागवड करण्यात बाया पुढे आहेत.

मुळं गाळ धरून ठेवतात. पाणी निवळतं, ऊन खोलवर पोचतं, आणखी वनस्पती तगतात. मरळ तर काठच्या गवतात जागा मोकळी करून अंडी घालते. ती पाण्यावर तरंगतात आणि आईबाप मासे त्यांची राखण करतात. पुढे लालसर पिल्लांचा थवा वर येतो. गवतच नसेल, तर हे सगळं व्हायचं कुठे?

रोहू आणि कटला वाहत्या पाण्यात वितात, तलावात नाही. त्यांचं बीज, म्हणजे लहान पिल्लं, दरवर्षी विकत आणावं लागतं. स्थानिक मासळीला तो खर्च नाही. तिला आसरा हवा. ग्रास कार्प हा मासा नेमका तोच आसरा, म्हणजे पाणवनस्पती, खातो. म्हणून लागवड झालेल्या तलावात त्याचं बीज सोडायचं नाही, एवढं मासेमार संस्थांनी ठरवायलाच हवं. आणि तलावदुरुस्तीच्या अंदाजपत्रकात खोदकामाच्या जोडीला पाणवनस्पती लावणाऱ्या हातांची मजुरीही धरायला हवी.